लगीनचौक आणि लग्नगडी

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर काही वर्षांपूर्वी एका लग्नाला गेले होते. वैशाखातले दिवस. घर नवं, सरकारी योजनेतून बांधलेलं, सिमेंटच्या गिलाव्याचं. बाहेरून फिका निळा रंग. आतल्या खोलीच्या एका भिंतीवर मात्र माणसाच्या उंचीचा एक चौकोन शेणानं सारवून त्यावर गेरूचा हात फिरवला होता. सिमेंटवर शेण नीट धरत नाही. कडेकडेनं त्याचे पोपडे सुटू लागले होते. तीन बायका वाटीत कालवलेलं तांदळाचं पीठ घेऊन रेघा ओढत होत्या. हातात बांबूची काडी, तिचं टोक दातांनी चावून मऊ केलेलं. एकीनं काढलेली साखळी दुसरी पुढे नेत होती, तिसरी मध्येच म्हणायची की हे वाकडं झालं, आणि बोटानं पुसून टाकायची.

हे कुणी काढलं असं म्हणायचं, असं मी विचारलं. शहरातून गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. त्या हसल्या. त्यांतली वयानं मोठी होती ती म्हणाली, "कोणी म्हणजे काय बाई? ज्याचं लग्न, त्याचा चौक."

मी त्या वेळी सार्वजनिक भिंतींवरच्या चित्रांची टिपणं करत होते. उड्डाणपुलांचे खांब, रेल्वेची स्थानकं, शाळांची कुंपणं, सरकारी कचेऱ्या. लोकांनी मिळून एखादी जागा आपली करून घेणं, तिला चेहरा देणं, याला अलीकडे जगभर मोठं महत्त्व आलं आहे. नगररचनाकार त्यावर बोलतात, महापालिका त्यासाठी पैसे काढतात. महाराष्ट्रात असं काही करायचं ठरलं की हात हमखास वारली चित्राकडे जातो. गेरूचा तपकिरी रंग, पांढरी त्रिकोणी माणसं, मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेटोळं घातलेला नाच. मुंबईहून डहाणूला गाडीनं जाताना अशा किती भिंती लागतात ते एकदा मोजायला घेतलं होतं. पुढे कंटाळा आला.

त्या लग्नघरात बसल्यावर मात्र माझ्या टिपणांना वेगळंच वळण लागलं. जगभर गेलेलं हे चित्र मुळात लग्नाचं. आणि डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात लग्न या शब्दाला चिकटलेला आणखी एक शब्द होता, तो कुठल्याच भिंतीवर मला दिसला नव्हता. तो शब्द म्हणजे लग्नगडी.

* * *

आधी चौकाविषयी. वारल्यांच्या लग्नात दोन चौक काढतात, देवचौक आणि लगीनचौक. देवचौकात पंचशिऱ्या देव असतो. लगीनचौकाच्या मध्यभागी पालघट देवी, हात पसरून उभी. ती सुफलतेची, उगवणीची देवी. तिच्याभोवती चारही बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या, आणि बाहेर सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं, बाशिंग बांधलेली नवरानवरी, वाजंत्री. चौक काढायचा मान सवाशिणींचा. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजेही बाईच. ब्राह्मणाची गरज नाही. ती गाते आणि त्या गाण्याच्या ओघात विधी पुढे सरकतो. चौक पुरा झाला की देवीवर फडकं टाकतात. भगताच्या अंगात वारं आलं, देवतांनी होकार दिला, की मग ते दूर होतं. तोवर त्या भिंतीवरच्या रेघा नुसत्या रेघा असतात.

म्हणजे हे चित्र बघण्यासाठी काढलेलं नाही. ते काढल्याशिवाय लग्न लागत नाही, म्हणून काढलेलं आहे. घराच्या सगळ्यांत अंधाऱ्या भागात, जिथे आणलेला कंदील जरा वर धरावा लागायचा, तिथं. लग्न उरकल्यावर त्याला कोणी जपत नसे. धुरानं काळं होई, पावसाळ्यात ओल येई, पुढच्या सारवणात जाई. पण त्या दोनतीन दिवसांत ती खोली साऱ्या पाड्याची असे. कोण काय आणणार, कोण भात शिजवणार, कोण ताडी पाजणार, कुणी रुसून बसलं तर त्याला कोण आणायला जाणार, सगळं त्या भिंतीसमोर ठरे. एका खाजगी खोलीची अशी चार दिवसांपुरती सार्वजनिक जागा व्हायची आणि परत खोली व्हायची. कायमस्वरूपी काही बांधण्याची कल्पना इथं नव्हतीच. गावाच्या वेशीवर लाकडाचा किंवा दगडाचा वाघदेव असतो, त्याचंही तसंच. वर्षभर तो ऊनपावसात उभा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला शेंदूर लागतो, गुराखी जमतात, आणि त्या दिवशी ती जागा जागी होते.

यशोधरा दालमियांनी सत्तरच्या दशकापासून या भागात राहून, हिंडून जे टिपलं त्याचं पुस्तक ललित कला अकादमीनं 1988 साली काढलं. चौकाकडे नक्षी म्हणून न बघता विधी म्हणून बघायचं, हे मला त्या पुस्तकानं शिकवलं. तरीही तो चौक ज्या लग्नात काढला जाई त्या लग्नाचा खर्च कुठून येई, हा प्रश्न कलेच्या पुस्तकांत सहसा मावत नाही. त्यासाठी दुसरी कागदपत्रं उघडावी लागतात.

* * *

वारल्याच्या लग्नात मुलीच्या बापाला देज द्यावं लागे. शिवाय पाड्याला जेवण, ताडी, कपडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातली जमीन भराभर सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार यांच्याकडे गेली. जंगल सरकारनं राखीव केलं. ज्याच्याकडे कसायला स्वतःची जमीन उरली नाही त्यानं लग्नाला पैसा कुठून आणायचा? तो जमीनदाराकडून घेई, आणि त्या कर्जाच्या बदल्यात स्वतःला लिहून देई. हा झाला लग्नगडी. लग्न होताच त्याची बायकोही त्याच घरच्या कामाला लागे. मजुरी नाही, पोटाला दाणे आणि अंगावर फाटकं. कर्ज किती फिटलं याचा हिशेब धन्याकडे, आणि धन्याचा हिशेब कधी संपत नसे. बायकोवर धनी कसला हक्क सांगे ते त्या काळच्या सरकारी कागदांतही आलं आहे.

हे आपल्याला आज माहीत आहे ते प्रामुख्यानं दोन ठिकाणांहून. मुंबई सरकारनं आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांचा अहवाल 1930च्या दशकाच्या अखेरीस आला. सनदी अधिकाऱ्याच्या कोरड्या इंग्रजीत त्यांनी वेठ, मारहाण, लग्नाच्या कर्जातून येणारी गुलामी हे सगळं नोंदवलं. दुसरं ठिकाण म्हणजे गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. 1970 साली आलेलं आणि 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक आपल्या पिढीतल्या पुष्कळांनी वाचलं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी लग्नगड्यांविषयीची पानं तरी वाचावीत.

1945च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. त्याला उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली आले होते. त्यानंतर गोदूताई आणि शामराव परुळेकर या भागात आले, आणि 23 मे 1945 रोजी झरी या गावी पहिली मोठी सभा भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. 1960 साली तो तालुका गुजरातेत गेला तेव्हा हा भाग महाराष्ट्रात राहिला आणि आज तो तलासरी तालुक्यात मोडतो. पाचेक हजार वारली जमले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, दिवसाची मजुरी बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाय ठेवायचा नाही, असं ठरलं.

पुढचं जे घडलं ते मला जागेच्या इतिहासाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं वाटतं. सभा उठली आणि माणसं घरी गेली, असं झालं नाही. लाल बावटा घेऊन ते गावोगाव धन्यांच्या वाड्यांवर गेले आणि तिथल्या लग्नगड्यांना बाहेर बोलावून घेऊन आले. ज्या ओट्याखाली उभं राहून मान खाली घालायची, त्या ओट्यासमोर माणसं मान वर करून उभी राहिली. वाडा तोच, ओटा तोच, अंगणही तेच. पण त्या दिवसांत त्या अंगणाचा अर्थ फिरला. कुणी तिथं चित्र काढलं नाही, दगड रोवला नाही. तरी जागा घडवणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत या रानांतून जाई. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत अशी मागणी होती, आणि संप पुकारलेला होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तलवाडा इथं हजारो वारली जमले असताना पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांच्यासोबत आणखी चार जण मारले गेले. अजूनही दरवर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या स्मरणार्थ लाल झेंडे घेऊन माणसं जमतात.

1945 हे साल या तालुक्यांच्या चरित्रात चमत्कारिक दाटीवाटीचं आहे. त्याच वर्षी के. जे. सावे या सरकारी अधिकाऱ्याचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत छापून निघालं. त्याच वर्षाच्या शेवटी ताराबाई मोडकांनी डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथंच त्यांच्यासोबत आल्या. 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, म्हणून अंगणवाडी. मुलं गुरं राखायला जातात तर शाळा कुरणात नेऊ, म्हणून कुरणशाळा. आज देशभर ज्या लाखो अंगणवाड्या आहेत, तो शब्द या टेकडीवरून खाली उतरलेला आहे, हे अंगणवाडीच्या पाटीखालून रोज जाणाऱ्यालाही ठाऊक नसतं. झरीच्या सभेचे लोक आणि कोसबाडच्या बाया यांचे मार्ग फार वेगळे, एकमेकांविषयी काही आडपडदेही असतील. पण दोघांनी एक गोष्ट सारखी केली: इमारतीची वाट पाहिली नाही. माणसं होती तिथंच जागा मांडली.

* * *

आता चित्र बाहेर कसं पडलं ते.

1966-67च्या बिहारमधल्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं होतं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद द्यायचा, म्हणजे त्यांना चार पैसे मिळतील, अशी योजना. मधुबनी चित्रं त्यातून जगापुढे आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणू भागात आले. सोबत कागद आणि रंग. चौक काढणाऱ्या बायकांना कागदाचं काय करायचं ते कळेना, आणि ते स्वाभाविकच होतं. कागदाचं लग्न कोण लावणार?

कागद पकडला तो गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी. जन्म 1934चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी आईबाप गेले, मुलगा बोलेनासा झाला, आणि मातीत बोटानं रेघा काढून लोकांशी बोलू लागला, असं त्यांच्याविषयी सगळीकडे सांगतात. चौक काढण्याचा मान बायकांचा असताना हा पुरुष रोज उठून चित्रं काढी, कुणाचं लग्न नसताना. कुलकर्णींना हवा होता तो माणूस हाच. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मशे यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार, 2011 साली पद्मश्री. 2018च्या मे महिन्यात ते वारले.

त्यांच्या कागदावर देवी मागे सरली आणि माणसं आली. मासे पकडणारं जाळं, हजारो बारीक रेघांचं. भात लावणाऱ्या रांगा. मुंग्यांसारखी हालणारी गर्दी. 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रानं 'पृथ्वीचे जादूगार' या अर्थाच्या नावाचं एक प्रदर्शन भरवलं. युरोप-अमेरिकेतल्या नामांकित चित्रकारांशेजारी आफ्रिका, आशियातल्या कलावंतांना बरोबरीनं मांडण्याचा तो प्रयत्न बराच गाजला आणि वादग्रस्तही ठरला. त्यात मशे होते. 2003 साली इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग आणि मशे यांचं एकत्र प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं. त्यासाठी लाँग वारल्यांच्या मुलखात येऊन काम करून गेले होते. जपानच्या निइगाता प्रांतात, तोकामाचीच्या डोंगरातल्या बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेत तोकिओ हासेगावा यांनी 1982 साली मिथिला संग्रहालय काढलं. तिथं मधुबनीच्या गंगादेवी राहून चित्रं काढत, तसे डहाणूचे वारलीही जाऊन महिनोन्महिने राहत. बर्फानं वेढलेल्या त्या शाळेत बसून भातलावणीची चित्रं काढताना त्यांना काय वाटत असेल, हे कुणीतरी मराठीत लिहून घ्यायला हवं.

या सगळ्याविषयी तक्रारीच्या सुरात लिहिण्याची एक पद्धत आहे: विधीचं बाजारीकरण, कलेची विक्री वगैरे. मला ती पटत नाही. ज्या घरांत पावसाळ्यात चूल पेटण्याची भ्रांत होती तिथं चित्रानं पैसा आणला, पोरं शिकली, विमानात बसली. जिव्या मशे यांच्या मागोमाग गंजाड परिसरात चित्रकारांचं गावच उभं राहिलं. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे निदान कागदावर तरी हे नाव या मातीशी बांधलं गेलं. तरी एक फरक पडला तो पडलाच. सही आली. आणि सही आली तशा बायका मागे पडल्या. ज्यांच्या हातात ती चावलेली काडी होती त्या रंग कालवायला, भरणी करायला उरल्या. अलीकडे मुली पुन्हा स्वतःच्या नावानं काढू लागल्या आहेत. त्यांचे हात बघताना बरं वाटतं.

* * *

2013 साली हे चित्र पुन्हा भिंतीवर आलं, आणि तेही गंजाडमध्येच. काही जपानी मंडळींनी 2010 साली बिहारमध्ये बोधगयेजवळच्या सुजाता गावात शाळेच्या भिंतींवर चित्रं काढण्याचा उत्सव सुरू केला होता. जपानी आणि भारतीय कलावंतांनी गावात राहायचं, शाळेच्या खोल्यांत काम करायचं, मुलांनी ते बघायचं. युसुके असाई या चित्रकारानं तिथं गावातल्याच मातीनं भिंती रंगवल्या. पुढे हा उत्सव गंजाडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आला. वारली चित्रकार यजमानही होते आणि सहभागीही. शाळेची भिंत ही पाड्यावरची खरी सार्वजनिक भिंत, कारण तिथं मतदान होतं, लस टोचतात, रेशनच्या याद्या लागतात.

त्याच निमित्तानं दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल गंजाडला आल्या आणि राजेश चैत्या वांगड यांच्या घरी राहिल्या. वांगड त्यांना गाव दाखवत हिंडले. इथं हे झाड होतं, इथं अमुक घडलं, इथून पाणी यायचं. गिल यांना फोटोत दिसत होती ती रिकामी जमीन. तेव्हा दोघांनी मिळून एक युक्ती काढली. फोटो गिल यांनी काढायचा आणि त्याच्या छपाईवर वांगडांनी बारीक रेघांनी, त्या जागेवर जे घडलं ते काढायचं. ही चित्रमालिका 2017 साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या महाप्रदर्शनापर्यंत गेली. वारली चित्राचा इतक्या वर्षांत झालेला सगळ्यांत अर्थपूर्ण उपयोग मला हा वाटतो. कारण यात चित्र जागेची शोभा करत नाही, जागेची साक्ष देतं. एरवी फोटोत न दिसणारा माणूस, तोडलेलं जंगल, आलेला रस्ता, सगळं त्याच जमिनीवर उमटतं.

हे पाहिल्यावर मला मेक्सिको आठवतं. तिथल्या क्रांतीनंतर, 1923 ते 1928 या काळात दिएगो रिव्हेरानं राजधानीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत शेकडो चौरस मीटर भिंती रंगवल्या. त्यात जमिनीचं वाटप आहे, खाणीतून झडती देऊन बाहेर पडणारा मजूर आहे, आणि उघड्या रानात मुलांना शिकवणारी एक बाई आहे; तिच्यापासून थोड्या अंतरावर घोड्यावर बंदूकधारी पहारा देतो आहे. आपल्या अनुताईंना ती बाई अनोळखी वाटली नसती. ते चित्र सरकारनं काढवून घेतलेलं. याउलट उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात, बॉगसाइड वस्तीत, त्याच वस्तीतल्या तिघांनी 1994पासून घरांच्या आडव्या भिंतींवर बारा मोठी चित्रं काढली. 1972च्या जानेवारीतल्या रविवारी जिथं सैन्यानं निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, त्याच रस्त्यावर. रोज भाजी आणायला जाताना माणसं त्या चित्रांसमोरून जातात.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे जगातली सगळ्यांत सहज ओळखू येणारी एक चित्रभाषा आहे, जिच्यात गर्दी, मिरवणूक, शेत, झाड, घोडेस्वार असं सगळं काढता येतं. त्याच चित्रभाषेच्या मुलखात पाच हजार माणसांनी एका मे महिन्यात गुलामी झुगारली आणि ऑक्टोबरात त्यांच्यावर गोळीबार झाला. पण मी पाहिलेल्या सरकारी, निमसरकारी भिंतींवर तारप्याचा नाच आहे, बैलगाडी आहे, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका आहेत. कुठे कुठे स्वच्छतेचा संदेश, शौचालयाकडे चाललेली त्रिकोणी माणसं. वाड्यासमोर मान वर करून उभा राहिलेला लग्नगडी नाही. तलवाड्याची गर्दी नाही. वारली माणूस म्हणजे सदा नाचणारा, निसर्गात रमलेला, ही समजूत भिंतींनीच आपल्या मनात पक्की केली. नाचणारा माणूस कुणाला अडचणीचा वाटत नाही. वेठ करणार नाही म्हणणारा वाटतो.

मला इथं चित्रकारांना दोष द्यायचा नाही. भिंतीचं कंत्राट ज्याच्याकडे, विषय त्याचा. डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि 1996पासून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणानं इथल्या प्रकल्पांवर नजर ठेवली. आता तलासरी-डहाणूतून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब उभे आहेत, वाढवण बंदराची पायाभरणी 2024च्या ऑगस्टमध्ये झाली. खांब आले की त्यांवर चित्रं येतील. गेरूच्या रंगाची येतील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या खांबांखालची शेतं कुणाची होती हे त्यांवर उमटेल का, ते ठरवायला चौकातल्या त्या तिघींना कुणी बोलावेल का, एवढंच मला बघायचं आहे. एकीनं काढायचं, दुसरीनं पुढे न्यायचं, तिसरीनं पुसायचं. यातलं पुसण्याचा हक्क हे सगळ्यांत मोलाचं. उड्डाणपुलाच्या खांबावर तो कुणालाच नसतो.

* * *

त्या लग्नाचं थोडं राहिलं. मांडवात दोन पोरं सारखी नवरदेवाच्या मांडीवर जाऊन बसत होती. मोठी पाचेक वर्षांची, धाकटा दीडेक. मला वाटलं पुतणी-भाचा असेल. ती त्याचीच होती. सहासात वर्षं दोघं एकत्र राहत होते; लग्नाला पैसे जमले नाहीत म्हणून विधी राहिला होता. यात कुणाला लाज वाटत नव्हती, आणि वाटायचं कारणही नाही. या भागात बापाचं आणि लेकाचं लग्न एकाच मांडवात लागल्याचीही उदाहरणं आहेत. लग्न न करता राहता येतं. चौक मात्र कधीतरी काढावाच लागतो.

या वर्षी कसे जमले पैसे, असं मी दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेवाला विचारलं. तो अंगणात भांडी मोजत होता, भाड्याची होती ती परत द्यायची होती. म्हणाला, उचल घेतली. कुणाकडून? वीटभट्टीच्या शेठकडून. किती घेतली ते त्यानं सांगितलं, आणि फेडायला दोघांना किती हजार विटा पाडाव्या लागतील तेही तोंडपाठ सांगितलं. वेठबिगारी रद्द करणारा कायदा 1976चा आहे. त्याच्या तोंडून तो शब्द आला नाही, मीही उच्चारला नाही.

"पोरं?" मी विचारलं.

"ती पण येतील. इथं कोण बघणार?"

पाऊस, भात, कापणी हे सगळं झालं की निघायचं होतं. दिवाळी करून. आत त्याची बायको चौकाखाली सांडलेलं पीठ झाडूनं गोळा करत होती. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यातला शेणाचा एक पोपडा रात्रीत गळून पडला होता आणि तिथं मागचं सिमेंट दिसत होतं. तिनं तो तुकडा उचलून पाहिला, त्यावर साखळीच्या चार कड्या होत्या, आणि केरासोबत बाहेर नेऊन टाकला.